मेंदूचा सीटी स्कॅन: दिसतं काय, कळतं काय? एका ठिपक्याचा इतिहास

बीड जिल्ह्यात कुणाला फीट आली, गाडीवरून पडून डोक्याला मार लागला किंवा सकाळी उठताना एक बाजू लुळी पडली, की घरची माणसं नंतर दोनपैकी एक वाक्य सांगतात. "सीटी केला, काही निघालं नाही." किंवा, "सीटी केला, डोक्यात गाठ निघाली." दोन्ही वाक्यांतलं क्रियापद बघा. "निघणं." म्हणजे रोग आत कुठेतरी नावानिशी बसलेला असतो आणि मशीन तो बाहेर काढून दाखवतं, असं आपण धरून चालतो.

आजचा लेख या क्रियापदाबद्दल आहे. १९८०च्या दशकात आपल्या देशात फीट येणाऱ्या हजारो रुग्णांच्या सीटी स्कॅनवर एक छोटासा पांढरा ठिपका दिसायला लागला. ठिपका सगळ्यांना दिसत होता. त्याचं नाव काय, यावर मात्र अनेक वर्षं वाद चालला, आणि त्या काळात बऱ्याच रुग्णांनी एका वेगळ्याच रोगाची औषधं महिनोन्‌महिने घेतली. तुम्ही पेट देत असाल, संशोधन आराखडा लिहायला बसला असाल, तर हा इतिहास वाचाच. पुरावा म्हणजे काय, तुलना कशाला लागते, "बरं झालं" म्हणजे नेमकं काय झालं, हे सगळे प्रश्न यात एका ठिपक्याच्या निमित्तानं येतात.

एक आधीच सांगते. मी वैद्यकाच्या इतिहासावर काम करते, डॉक्टर नाही. यातलं काही वाचून कुणी आपली गोळी बंद किंवा सुरू करू नये.

मशीन नेमकं मोजतं काय?

आधी मशीनपासून सुरुवात करू. सीटीच्या आधी जिवंत माणसाचा मेंदू पाहणं फार अवघड होतं. साध्या एक्स-रेत कवटीचं हाड दिसतं, आतला मेंदू दिसत नाही. १९१८-१९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडीनं मेंदूच्या पोकळ्यांमधलं पाणी काढून तिथे हवा भरली आणि मग एक्स-रे घेतला. हवा भरलेल्या पोकळीचा आकार दिसायचा, आणि ती कुठे दबली आहे यावरून गाठ कुठे असेल याचा अंदाज बांधायचा. रुग्णाला याचा भयंकर त्रास व्हायचा. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझनं मेंदूच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचं जाळं एक्स-रेवर दाखवलं. दोन्ही पद्धतींत मेंदू थेट दिसत नव्हता. आजूबाजूला काय सरकलं यावरून तो ओळखायचा.

मग आला गॉडफ्रे हाउन्सफील्ड. हा ईएमआय कंपनीतला इंजिनीअर. आपल्या आजी-आजोबांनी ज्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर नाट्यगीतं ऐकली, ती याच कंपनीच्या घरातली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. एका बाईच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय होता, आणि चित्रात ती दिसली. रुग्णालयाच्या बाजूनं काम पाहत होते रेडिओलॉजिस्ट जेम्स अँब्रोज. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं.

आता मुद्द्याची गोष्ट. सीटी मशीन मेंदूचा फोटो काढत नाही. ते वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे सोडतं, पलीकडे किती पोचले ते मोजतं आणि त्यावरून गणित करतं की आतल्या प्रत्येक बारीक चौकोनानं किती एक्स-रे अडवले. पहिल्या मशीनवर एका कापाचे आडवे-उभे ८० बाय ८० चौकोन होते, म्हणजे ६,४००. आज साधारण ५१२ बाय ५१२ असतात. प्रत्येक चौकोनाला एक आकडा मिळतो, त्याला हाउन्सफील्ड युनिट म्हणतात. पाणी म्हणजे शून्य. हवा म्हणजे उणे १,०००. घट्ट हाड अधिक १,०००च्या आसपास. मेंदूचा मऊ भाग साधारण २० ते ४०, आणि ताजं गोठलेलं रक्त त्याच्या वर, ६०-७०च्या घरात. या आकड्यांना काळ्या-पांढऱ्या छटा दिल्या की झालं चित्र.

म्हणजे मशीनकडे एकच गोष्ट असते: कुठे किती घनता आहे. याच्यापुढे त्याला काही कळत नाही.

या एका गोष्टीत ताकद मात्र प्रचंड आहे. अपघातात डोक्यात रक्तस्राव झालाय का, कवटीला तडा गेलाय का, मेंदू एका बाजूला सरकलाय का, पोकळ्या फुगल्यात का, हे सीटी काही मिनिटांत सांगतो. एखादा माणूस मोटारसायकलवरून पडून बेशुद्ध आला, तर याच माहितीवर जीव वाचतो. ताजं रक्त आणि मेंदू यांच्या आकड्यांत पुरेसा फरक असतो, म्हणून ते उठून दिसतं.

आणि जिथे आकड्यांत फरक नाही, तिथे सीटी आंधळा असतो. रक्तवाहिनी बंद होऊन लकवा झाला, तर पहिल्या काही तासांत स्कॅन जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो, कारण मेंदूचा तो भाग उपाशी असला तरी त्याची घनता अजून बदललेली नसते. कवटीखाली साचलेलं रक्त दोन-तीन आठवड्यांनी विरघळत विरघळत मेंदूच्याच छटेचं होतं आणि त्यात मिसळून जातं. फीट ही मेंदूतल्या विजेची गडबड आहे, आणि विजेला घनता नसते. म्हणून फीट येणाऱ्या कितीतरी लोकांचा सीटी अगदी स्वच्छ येतो. उदासी, भीती, भास, विसरभोळेपणाची सुरुवात, यांचंही तेच. "काही निघालं नाही" याचा खरा अर्थ इतकाच की घनतेत लक्षात येण्याजोगा फरक नाही. "याला काही झालेलंच नाही, नाटक करतोय" असा त्याचा अर्थ होत नाही. घरात मात्र बऱ्याचदा हाच अर्थ निघतो, आणि तो माणूस दुहेरी भोगतो.

ठिपका दिसला

आता उलट बाजू घेऊ. काहीतरी दिसलं, तर?

१९८०च्या आसपास सीटी मशीन भारतातल्या मोठ्या शहरांत आली. तोवर फीट येणाऱ्या तरुण रुग्णाच्या मेंदूत काय चाललंय, हे पाहायची सोयच नव्हती. आता डॉक्टर कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन स्कॅन करू लागले. आणि एक विचित्र चित्र पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं. वरून धडधाकट माणूस, नुकतीच पहिली-दुसरी फीट आलेली, बहुतेक वेळा एका हाताला किंवा चेहऱ्याच्या एका बाजूला सुरू झालेली. स्कॅनवर मेंदूच्या पृष्ठभागाजवळ एकच छोटा ठिपका. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान. कॉन्ट्रास्ट दिल्यावर तो भरीव चकतीसारखा किंवा कड्यासारखा चमकायचा, आणि भोवती सूज.

हे चित्र नोंदवणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राचेही लोक होते. १९८७ मध्ये पुण्याचे आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. विषय होता भारतातली फोकल एपिलेप्सी, म्हणजे शरीराच्या एका भागापासून सुरू होणारी फीट, आणि सीटीवर कड्यासारखे किंवा चकतीसारखे चमकणारे हे डाग. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत या चित्राला ठरलेली जागा नव्हती. तिकडे असा डाग दिसला की गाठ किंवा पू झाल्याची शंका पहिली यायची. इकडच्या रुग्णाला मात्र ताप नाही, उलटी नाही, दृष्टी ठीक, आणि फीट सोडली तर माणूस कामावर जातोय.

मग या ठिपक्याला म्हणायचं काय?

भारतातल्या बहुतेक डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर एक उत्तर तयार होतं: टीबी. आणि ते उत्तर हवेतून आलेलं नव्हतं. मेंदूतली टीबीची गाठ, म्हणजे ट्युबरक्युलोमा, आपल्याकडे खरोखरच खूप दिसायची. १९६५ मध्ये मुंबईच्या दस्तूर आणि देसाई यांनी मेंदूतल्या टीबीच्या गाठी आणि ग्लायोमा नावाचे ट्यूमर यांची तुलना केली, प्रत्येकी १०७ रुग्णांच्या नोंदी घेऊन. इंग्लंड-अमेरिकेतल्या तेव्हाच्या डॉक्टरला टीबीच्या इतक्या गाठी आयुष्यभरात पाहायला मिळाल्या नसत्या. इथे मात्र त्यांच्यावरच पिढ्या शिकल्या. शिवाय घरात, गल्लीत, वॉर्डात टीबी होताच. ज्या देशात सकाळी ओपीडीत बसल्यावर दर काही रुग्णांमागे एक टीबीचा निघतो, तिथे डोक्यातल्या अनोळखी ठिपक्याला टीबी म्हणणं हा बेजबाबदारपणा नव्हता. तो अनुभवातून आलेला अंदाज होता.

संशोधनाच्या भाषेत याला पूर्वानुमान म्हणा. तुम्ही विदा पाहायला बसता तेव्हा डोकं रिकामं नसतं. आधी जे शंभरदा पाहिलंय, तेच पुढचं पाहायला शिकवतं. ते चूक नाही, टाळताही येत नाही. फक्त ते कागदावर लिहून ठेवायला लागतं, म्हणजे नंतर तपासता येतं.

ठिपका नाहीसा झाला

टीबी म्हटल्यावर औषधं सुरू झाली. एक-दोन आठवड्यांची नव्हेत. मेंदूच्या टीबीला वर्षभर, कधी त्याहून जास्त. रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड आणि बाकीच्या गोळ्या, रोज. या गोळ्यांनी काहींच्या यकृताला त्रास होतो, कावीळ होऊ शकते. आणि गोळ्यांबरोबर गावात एक शब्दही घरी येतो. "पोरीला टीबी आहे" हे वाक्य तिच्या लग्नापर्यंत मागे लागतं.

काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला, तर ठिपका गायब! डॉक्टर खूश, घरचे खूश. औषध लागू पडलं, म्हणजे रोग टीबीच होता. किती सरळ तर्क आहे, नाही का?

इथे जरा थांबा आणि स्वतःला विचारा: हा तर्क कुठे कच्चा आहे?

उत्तर पुढच्या निरीक्षणात आहे. १९८५ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांच्या एका गटानं फीटच्या रुग्णांत असे नाहीसे होणारे सीटीचे डाग नोंदवले, आणि त्यांच्या रुग्णांत डाग टीबीच्या औषधांशिवायच गेले होते. फक्त फीटच्या गोळ्या चालू होत्या. मग काहींनी असंही मांडलं की डाग हा रोगच नसावा. फीट आल्यामुळे मेंदूचा तो भाग तात्पुरता सुजत असेल, आणि फीट थांबली की सूज ओसरत असेल.

बघा, एकाच ठिपक्याच्या तीन कहाण्या झाल्या. टीबी होता, औषधानं गेला. फीटमुळे आला, फीट थांबल्यावर गेला. किंवा तिसरंच काहीतरी होतं आणि ते आपोआप गेलं. तिन्ही कहाण्यांत स्कॅन तोच: आधी ठिपका, नंतर स्वच्छ. चित्रं कितीही काढली, मशीन कितीही महाग आणलं, तरी या तिघांतली खरी कोणती हे त्या चित्रांतून ठरणार नव्हतं.

आपल्याकडे म्हणतात ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. टीबीचं औषध हा कावळा होता. फांदी त्याच्या वजनानं तुटली की ती वाळलेलीच होती, हे कळायला कावळा न बसलेल्या फांद्याही पाहाव्या लागतात. संशोधनात यालाच तुलना गट म्हणतात. ज्यांना औषध दिलंच नाही, त्यांचं काय झालं? हा प्रश्न विचारल्याशिवाय "लागू पडलं" हा शब्द वापरायचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

वेल्लोरला कापून पाहिलं

वाद सुटला तो तमिळनाडूत, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये. तिथले न्यूरोसर्जन मॅथ्यू चँडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांचे सहकारी यांनी काही रुग्णांतले हे ठिपके शस्त्रक्रियेनं बाहेर काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी लिहिलं, १९९१ मध्ये सविस्तर मांडलं. त्या ऊतकांत टीबी सापडला नाही. सापडला तो कृमीच्या अळीचा अवशेष आणि त्याभोवती शरीरानं उभी केलेली दाहाची भिंत. रोगाचं नाव सिस्टिसर्कोसिस, आणि कृमी टिनिया सोलियम, म्हणजे डुकरातला पट्टकृमी.

मग नाहीसं होण्याचं कोडंही सुटलं. या कृमीची अळी मेंदूत छोट्या पाण्याच्या फुग्यात राहते, आणि जिवंत असेपर्यंत अनेकदा शरीराला कळूही देत नाही. ती मरायला लागली की शरीर तिच्यावर तुटून पडतं. तिथल्या रक्तवाहिन्या गळू लागतात, म्हणून कॉन्ट्रास्ट तिथे झिरपतो आणि ठिपका चमकतो. त्याच दाहामुळे फीट येते. काही महिन्यांत शरीर तिचा फडशा पाडतं आणि ठिपका विरून जातो, किंवा मागे चुन्याचा बारीक कण राहतो. म्हणजे आपण स्कॅनवर जे पाहत होतो, ते बहुतेक वेळा एका अळीचं मरण होतं. टीबीच्या गोळ्यांचा त्यात काही हात नव्हता.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वेल्लोरच्या लोकांनी इथे थांबून "आता सगळे ठिपके कृमीचेच" असं जाहीर केलं नाही. तसं केलं असतं तर एका घाईच्या जागी दुसरी घाई आली असती, कारण मेंदूतला टीबी आजही खरा आहे आणि न ओळखल्यास जीव घेतो. त्यांनी निकष बनवले. डाग एकच असावा, २० मिलिमीटरपर्यंतच असावा, मेंदू बाजूला ढकलणारी सूज नसावी. रुग्णाला फीट असावी, पण डोक्यातला दाब वाढल्याची लक्षणं किंवा वाढत जाणारा अशक्तपणा नसावा, शरीरात दुसरा चालू रोग नसावा. मग हे निकष नव्या रुग्णांवर लावून ते कितपत खरे ठरतात हे तपासलं, आणि १९९७ मध्ये छापलं. निकषांची यादी नीट वाचा. त्यातल्या निम्म्या गोष्टी स्कॅनवर दिसतच नाहीत. त्या रुग्णाशी बोलून आणि त्याला तपासून कळतात.

काखेत कळसा

आता इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी खास भाग. हिंदुस्थानात राहिल्यानं हा कृमी मेंदूत जाऊन फीट येऊ शकते, हे १९८९ मध्ये पहिल्यांदा कळलं का? अजिबात नाही. १९३०च्या दशकातच ब्रिटिश सैन्याच्या डॉक्टरांना ते ठाऊक होतं. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना फीट येऊ लागल्या, आणि विल्यम मॅकआर्थर या लष्करी डॉक्टरानं त्यामागे सिस्टिसर्कोसिस आहे हे लावून धरलं. १९३४ मध्ये त्याचा लेख आला. पुढे १९६१ मध्ये डिक्सन आणि लिप्सकोम यांनी अशा ४५० रुग्णांचा पाठपुरावा करून अहवाल काढला.

मग १९८०च्या दशकात हे आठवलं कसं नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणून सोडून देऊ नका, कारण खरं कारण जास्त शिकवणारं आहे. सैन्याचे डॉक्टर रुग्ण ओळखायचे ते कातडीखालच्या गाठी चाचपून आणि स्नायूंच्या एक्स-रेत चुन्याचे ठिपके पाहून. म्हणजे ज्यांच्या अंगभर कृमीच्या अळ्या पसरल्यात, तेच त्या जाळ्यात सापडायचे. ज्याच्या शरीरात एकच अळी आहे आणि तीही मेंदूत, तो त्या पद्धतीला दिसणंच शक्य नव्हतं. म्हणून पुस्तकात रोगाचं जे वर्णन गेलं, ते भरपूर गाठींचं गेलं. पन्नास वर्षांनी सीटीनं एकटा ठिपका दाखवला, तेव्हा तो त्या वर्णनात बसेना.

प्रत्येक साधन आपल्याला दिसणारा रोगच "रोग" म्हणून नोंदवतं. तुमचं साधन सीटी असो, प्रश्नावली असो की दप्तरखान्यातली कागदपत्रं, हा नियम लागू आहे. तुमच्या पद्धतीला कोण दिसणारच नाही, हा प्रश्न आराखड्यात आधी लिहा.

बीडच्या रुग्णाचं काय?

अंबाजोगाईला १९७४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगतात. केज, धारूर, परळी, माजलगावकडचा गरीब रुग्ण आजही तिथे येतो. अशा दवाखान्यात फीटचा रुग्ण आला आणि स्कॅनवर तो एकटा ठिपका दिसला, तर घरच्यांना काय सांगायचं?

"डोक्यात डुकराचा किडा आहे" असं सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "आम्ही माळकरी माणसं, आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही." आणि ते खरंच बोलत असतात. घोटाळा कृमीच्या जीवनचक्राबद्दलच्या समजात आहे. अळी असलेलं डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर पोटात मोठा पट्टकृमी होतो. मेंदूत अळी जाते ती वेगळ्या वाटेनं. ज्याच्या पोटात पट्टकृमी आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती हातावरून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात जातात. हा दुसरा माणूस जन्माचा शाकाहारी असला तरी अंड्याला फरक पडत नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या कडव्या ज्यू वस्तीतल्या रुग्णांबद्दल लेख आला. डुकराचं मांस धर्मानंच वर्ज्य असलेल्या या घरांत हा रोग निघाला होता. संशोधकांनी माग काढला तेव्हा संशय गेला तो हा कृमी आढळणाऱ्या देशांतून आलेल्या घरकामगारांकडून झालेल्या संसर्गावर. म्हणजे ठिपक्यावरून रुग्णानं काय खाल्लं हे ठरवता येत नाही. त्याच्या आजूबाजूला शौचाची आणि पाण्याची सोय कशी होती, हा खरा प्रश्न आहे.

आणि इथे बीडचा प्रश्न सुरू होतो. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली लाखो माणसं मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्याच्या आसपास कोप्या टाकून चार-पाच महिने राहतात, बरोबर लहान पोरं. तिथे संडासाची आणि स्वच्छ पाण्याची सोय बहुधा नसतेच. अंडं पोटात गेल्यापासून फीट येईपर्यंत बहुतेकदा काही वर्षं जातात. आता दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये पत्ता लिहिला जातो: मुक्काम अमुक, तालुका शिरूर कासार. पण संसर्ग शिरूर कासारला झाला, कोपीवर झाला की आणखी कुठे? सीटी याबद्दल एक अक्षर बोलू शकत नाही. ठिपक्यावर तारीख नसते, गावही नसतं.

ऊसतोड कामगारांत हा रोग जास्त आहे, असा दावा मी करत नाही. तो करायला मोजणी लागते. तुमच्यापैकी कुणाला हा विषय घ्यायचा असेल, तर प्रश्न असा मांडता येईल: फीटच्या रुग्णांच्या गेल्या काही वर्षांच्या स्थलांतराची नोंद घेतली, आणि तितक्याच वयाच्या, फीट नसलेल्या लोकांशी तुलना केली, तर फरक दिसतो का? यात स्कॅन लागेल. पण अर्धं काम कोपीवर बसून, "गेल्या पाच सीझनला कुठल्या कारखान्याला होतात?" असं विचारून होईल. त्या उत्तराशिवाय स्कॅन मुका आहे.

नावाचा आणखी एक परिणाम. एकट्या ठिपक्याच्या बहुतेक रुग्णांची फीट औषधांनी आटोक्यात येते, आणि ठिपका विरल्यावर अनेकांच्या गोळ्याही डॉक्टर बंद करू शकतात. पण "मिरगी" हा शब्द विरत नाही. १९९९च्या दुरुस्तीपर्यंत आपल्या विवाह कायद्यात फीट येणाऱ्या माणसाला लग्नासाठी अपात्र धरणारी तरतूद होती. कायद्यातून ती गेली, सोयरिकीतून अजून पूर्ण गेलेली नाही. म्हणून नाव देताना घाई झाली, की तिची किंमत डॉक्टर किंवा संशोधक भरत नाही. ती पोरगी भरते.

रिपोर्ट कसा वाचायचा

शेवटी एक छोटा अभ्यास देते. घरात, शेजारी कुणाचा मेंदूचा सीटी रिपोर्ट असेल, तर त्यांना विचारून तो वाचा. त्यात बहुधा दोन भाग असतात. वरच्या भागाचं शीर्षक "फाइंडिंग्ज". तिथे असं लिहिलेलं असतं: इतक्या मिलिमीटरचा डाग, अमुक जागी, कॉन्ट्रास्टनंतर कड्यासारखा चमकतो, भोवती सूज. खालच्या भागाचं शीर्षक "इम्प्रेशन". तिथे एक किंवा दोन रोगांची नावं असतात, आणि बऱ्याचदा शेवटी एक ओळ: कृपया रुग्णाच्या लक्षणांशी पडताळून पाहा.

वरचा भाग मशीननं मोजलेला आहे. खालचा माणसानं काढलेला अर्थ आहे. दोन्हींच्या मधली जी मोकळी जागा आहे, तिथे १९८०च्या दशकातली सगळी गोष्ट घडली. शेवटच्या ओळीत रेडिओलॉजिस्ट प्रामाणिकपणे सांगत असतो की माझं काम इथपर्यंत, पुढचं रुग्णाला विचारा.

तुमच्या प्रबंधातही हे दोन भाग वेगळे ठेवा. एका वहीत काय दिसलं ते लिहा, दुसऱ्या वहीत त्याला काय म्हणायचं ते. दुसऱ्या वहीतल्या प्रत्येक नावापुढे एक रकाना सोडा आणि त्यात लिहा: हेच चित्र दुसऱ्या कशामुळे दिसू शकलं असतं? हा रकाना रिकामा राहिला, तर काम अजून संपलेलं नाही असं समजा.